तीस-तीन अनारसे

हसनाबाद
अधिक भाद्रपद वद्य ४, सन १९५५

रामराव व्याही, मुक्काम राजूर,

गोजरबाईचा रामराम घ्या. घ्यायचा नसला तर परत पाठवा, अनारशाची टोपली पाठवली तशी.

कचरू काल दिवस मावळता आला. बैल सोडले न्हाईत, पाणी मागितलं न्हाई, नुसता गाडीपाशी उभा. टोपली तशीच भरलेली. मी विचारलं, "जावयानं वाण घेतलं न्हाई का रे?" तर मोठा बाप्या माणूस, डोळ्याला उपरणं लावून बसला. हा गडी माझं लग्न झालं तवापासून आमच्या शेतात आहे. त्याला माझ्या सासऱ्यानं शिव्या दिल्या, मी दिल्या, पण चोर कुणी म्हणलं न्हाई. तुम्ही म्हणलात. तेही गणपतीच्या देवळापुढं, दर्शनाची माणसं थांबवून.

त्यानं सांगितलं तसं लिहिते, चुकत असलं तर दुरुस्त करा. टोपलीच्या कडीला मी कागद बांधला होता, त्यावर ३०३ लिहिलं होतं. तुम्ही तो मोठ्यानं वाचला, "तीनशे तीन." मंग धोतर अंथरून अनारसे एकेक मांडले. तेहतीस भरले. तुम्ही चारचौघांना विचारलं, "बाकीचे कुठं गेले? गाडीवानानं वाटेत खाल्ले, का म्हातारीनं कागदावरच तळले?" लोक हसले. आमचा जावई बद्रीनाथ, तुमचाच लेक, तुमच्या पाठीमागं उभा होता, तो हसला न्हाई म्हणतात. बोललाही न्हाई.

कागदावर ३०३ मीच लिहिलं. तीस कसे लिहितात ते वाण्याच्या पाटीवर बघितलेलं होतं. त्याच्यापुढं तीन मांडले. झाले तीस-तीन. अक्षरं मी भावाच्या पाटीवरून उचलली, पण आकडे नवाच्या पुढं मला कुणी दाखवले न्हाईत. लिहायला चुकलं, कबूल.

पण रामराव, धोंड्याचा महिना तुमच्या घरीही येतो. अधिक महिन्यात जावयाला तीस-तीन अनारशांचं वाण द्यायचं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगतं. तीनशे तीन आजवर कोणत्या सासुरवाडीनं दिले? तुम्ही निजामाच्या राज्यात गिरदावर होतात, गावोगाव जमिनी मोजत हिंडलात. तुम्हाला कळलं न्हाई हे मी मानत न्हाई. तुम्हाला बराबर कळलं होतं.

वर निरोप काय, तर ज्या घराला साधा आकडा लिहिता येत न्हाई त्या घरात माझी सून पाऊल टाकणार न्हाई. दिवाळीला न्हाई, पंचमीला न्हाई. उषाचे आईबाप पटकीत एका आठवड्यात गेले तेव्हा ती माझ्या कडेवर होती. तिला माझ्याशिवाय माहेर न्हाई, हे बघूनच तुम्ही तो निरोप धाडला.

अनारसे कचरूच्या घरी दिले. तुमच्या घरून परत आलेली टोपली मी देवापुढंही ठेवणार न्हाई आणि गाईपुढंही.

माझी नात तुम्ही अडकवली आणि माझ्या गड्याला चोर केलं. दोन्ही उतरवून घेईन. जल्दी न्हाई मला.

गोजरबाई

हसनाबाद
माघ शुद्ध ११, सन १९५६

रामराव व्याही,

दिवाळी गेली, संक्रांत गेली. उषाला घ्यायला कचरूला पाठवणार न्हाई हे तुम्ही जाणून होतात, म्हणून मी माझ्या भाच्याला पाठवलं. त्याला तुम्ही ओसरीवर चहा पाजून वाटेला लावलं. चहा चांगला होता म्हणाला. उषा आतून दिसली म्हणाला, वाळली आहे.

हे पत्र रडायला लिहीत न्हाई. एक खबर द्यायची आहे. मी शाळेत जाते.

आमच्या गावात नवा मास्तर आला आहे. त्याला म्हणलं, मला आकडे शिकव. तो म्हणाला, आजी, मोठ्या बायांचा वर्ग निघेल तेव्हा या. मी म्हणलं, तो निघेस्तोवर मी निघून जाईन. तर पहिलीच्या पोरांत, भिंतीकडेला पोतं टाकून बसते. गावाला करमणूक झाली. पारावरून कडूबा पाटील ओरडला, "काय गोजरबाई, तहसीलदार होता का आता?" मी म्हणलं, "होते की. पैली तुझीच जमीन मोजते, बांध किती सरकवला ते बघते." तवापासून पारावर शांतता आहे.

मास्तर पोरांना काड्या देतो. दहा काड्यांची जुडी बांधायची आणि म्हणायचं, ही एक. मी म्हणलं, एक कशी? काड्या तर दहाच आहेत, दोरा बांधला म्हणून नऊ कुठं गेल्या? पोरं हसली. मास्तर बिचारा घामाघूम झाला. मला डोक्यात शिरेना. तीन म्हणजे तीन. तो कधी तीस होतो, कधी तीनशे, आणि अंगावर कपडा तोच.

उमगलं ते पंगतीत. कडूबाच्या घरी बारसं होतं, पाट मांडायचं काम माझ्याकडं. पहिला पाट भिंतीशी, मानाचा. त्यावर बसेल त्याला आधी वाढायचं, तूपही त्याला दुप्पट. तोच माणूस उद्या दाराशी बसला तर त्याला खरवड. माणूस तोच, पोट तेच. मोल माणसाचं न्हाई, पाटाचं आहे. आकड्यांचं अगदी तसंच. उजवीकडचा पाट सुट्याचा, त्याच्या डावीकडचा दहाचा, त्याच्याही डावीकडचा शंभराचा. तीन कुठं बसला त्यावर त्याचा मान.

मंग शून्य कशाला, हे मी मास्तराला विचारायच्या आधीच कळलं. मधल्या पाटावर बसणारा आला न्हाई म्हणून पाट उचलला, तर भिंतीकडचा पाहुणा सरकून त्या जागी येतो आणि त्याचा मान जातो. म्हणून तिथं शून्याला बसवायचं. शून्य जेवत न्हाई, नुसती जागा धरतं. मी तीसमधल्या शून्याला उठवलं न्हाई आणि तीनाला त्याच्या पलीकडं बसवलं, म्हणून माझा पहिला तीन शंभराच्या पाटावर जाऊन बसला. त्या तीनाला शून्याच्याच पाटावर बसवायचं होतं. ३३. एवढंच होतं. एका ओळीत सांगता आलं असतं तुम्हाला, दारात आलेल्या कचरूला. तुम्ही धोतर अंथरलंत.

शिकता शिकता एक आणखी ध्यानात आलं, ते तुमच्यासाठी लिहून ठेवते. निजामाचं राज्य होतं तवा तुम्ही शंभराच्या पाटावर होतात. घोड्यावरून यायचात, लोक उभे राहायचे. राज्य गेलं, पाट गेला. आता तुम्ही सुट्याच्या पाटावर बसून दूध घालायला आलेल्या गवळ्यावर डाफरता. रामराव तेच, मिशीही तीच. लोकांना हे कळलं आहे. तुम्हालाही कळावं म्हणून पोस्टाचा खर्चा केला.

गोजरबाई

हसनाबाद
आषाढ वद्य ९, सन १९५८

रामराव व्याही यांस,

तुमचं पत्र मिळालं. तीन वर्षांत पहिलं. हात चांगला आहे तुमचा.

उषाला सातवा महिना लागला हे तुम्ही कळवायच्या आधी मला कळलं होतं. उषाच्या सासूनं, तुमच्या द्वारकाबाईंनी, राजूरच्या बाजारात आमच्या गावच्या बाईजवळ सांगून पाठवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा दस्तूर तुम्ही मोडला असता तर तुमच्याच भावकीनं तोंडात शेण घातलं असतं, म्हणून तुम्ही अट घातली हेही मी समजते.

तुमची अट मी पुन्हा लिहिते, म्हणजे उद्या तोंड फिरवायला नको. येत्या अधिक श्रावणात तुम्ही भावकीसह हसनाबादला धोंडे जेवायला येणार. उषाला सोबत आणणार. कागदावर जेवढी माणसं लिहिली तेवढ्यांना मी पोटभर जेवू घातलं तर उषा बाळंतपणाला इथं राहील. एक पान जरी कमी पडलं तर ती त्याच गाडीत परत जाईल, आणि मंग मी तिचं नाव घ्यायचं न्हाई.

मला मंजूर आहे. आकडा मी वाचला, मास्तरालाही दाखवला. तुम्ही खाली लिहिलं आहे की यावेळी तरी आकडा नीट वाचावा. नीट वाचला. तो तुमच्याच हातचा आहे, कुणाकडून लिहवून घेतलेला न्हाई, असं मी धरून चालते. सही आणि आकडा एकाच शाईत आहे.

पाऊस असला तरी या. मारुतीच्या देवळाचा मंडप पत्र्याचा आहे, गळत न्हाई.

गोजरबाई

हसनाबाद
अधिक श्रावण वद्य ७, सन १९५८

रामराव,

व्याही आता मनातच म्हणते, तोंडातून निघत न्हाई.

तुम्ही राजुरात सांगत फिरता की गोजरबाईनं पाहुणे बोलावून उपाशी हाकलले. तुमच्याबरोबर आलेले लोक ऐकतात आणि गप्प बसतात, असं कानावर आलं. ते का गप्प बसतात हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत न्हाई. तुम्हाला कुणी काही सांगत न्हाई आता. म्हणून मीच सांगते.

आधी तुमच्या डोळ्यांदेखतचं. तुमच्या गाड्या ओढ्यापासून मारुतीपर्यंत लागल्या. माणसं उतरत होती, उतरतच होती. सोयरे, चुलते, त्यांच्या बाया, कडेवरची पोरं. मंडपात पत्रावळी किती, तर पंचवीस. तुमच्या तोंडावर जे हसू आलं ते मी घरी नेलं आहे, रोज काढून बघते.

तुम्ही म्हणलात, "बाई, परत आकड्यात माती खाल्ली का? दोनशे पाच माणसं लिहिली होती मी."

मी कागद मास्तराच्या हातात दिला. त्यानं चष्मा पुसला आणि वाचलं, "दोन आहे. मंग पाच आहे. पंचवीस."

"मध्ये ठिपका दिसत न्हाई का?" तुम्ही.

"दिसतो," मी म्हणलं, "माशी बसली आसंल. पावसाळ्याचे दिवस."

सगळा मंडप हसला, तुमचीच माणसं. तुम्ही लाल झालात. म्हणालात, तो ठिपका म्हणजे शून्य, आम्ही उर्दूत शिकलो, सरकारी दप्तरात शून्य ठिपक्यानंच लिहायचो, जगाला ठाऊक आहे.

रामराव, मलाही ठाऊक होतं. माझा सासरा पाटील होता, निजामाची पावती आमच्या घरात पत्र्याच्या डब्यात आहे. पण मराठी आकड्यांच्या पंगतीत तुमचा ठिपका पाट धरत न्हाई. मधली जागा मोकळी पडली की दोन सरकतो आणि दोनशेचे वीस होतात. पहिलीतलं पोर सांगेल. मी पहिलीत तीन वर्षं काढली आहेत.

मी तुम्हाला एवढंच विचारलं, "मंग लिहिणाराच्या मनात काय होतं ते वाचणारानं समजून घ्यावं, असं म्हणता का?"

तुम्ही ताडकन म्हणालात, "शहाण्या माणसानं घ्यावंच."

"तीन वर्षांमागं राजुरात शहाणं माणूस एकबी नव्हतं का मंग? टोपली उतरवून घ्यायला?"

आणि तुमच्या द्वारकाबाई बायांच्या गाडीतून उतरल्या न्हाईत, तिथूनच म्हणाल्या, "सांगून टाका की आता. त्या दिवशी घरात येऊन तुमीच म्हणले, म्हातारीनं तेहतीसच पाठवले, पण मजा आली. मला म्हणले. पोरगं बी ऐकत होतं."

बद्रीनाथनं मान खाली घातली न्हाई यावेळी.

तुम्ही ओरडलात, गाड्या जुंपा. तुमचा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, बैलांनी आत्ताच कडब्यात तोंड घातलंय, आता कसं ओढावं?" तुम्ही उषाला म्हणालात, गाडीत बस. ती पोट धरून उठायला लागली. मी मधी उभी राहिले. म्हणलं, कागदावरचा आकडा मास्तरानं वाचला, तेवढी पानं मांडली आहेत, एक कमी न्हाई. तुमच्या भावकीनं तुमच्याकडं बघितलं आणि कुणी पुढं झालं न्हाई. मंग तुम्ही एकटेच आपल्या गाडीत चढलात. गाडीवान मागं वळून बघत होता, त्यालाही भूक लागली होती. तुम्ही त्यालासुद्धा खाली उतरवून कासरा हातात घेतला.

इथवर तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं वाचा.

तुमची गाडी ओढा चढून पलीकडं दिसेनाशी होईस्तोवर मी हललेही न्हाई. मंग कडूबा पाटलाच्या गोठ्याचं दार उघडलं. आत दोनशे पाच माणसांचं जेवण होतं. पुरणाचे धोंडे, कटाची आमटी, भात, कुरडया, आणि तुमच्या चुलत्याला दात न्हाईत म्हणून वेगळी लापशी. गावातल्या बाया पहाटेपासून राबत होत्या. पुरणाचा वास तुमच्यापर्यंत जाऊ नये म्हणून मी दाराशी गोवऱ्यांचा धूर करून ठेवला होता. तुम्ही उतरताना नाकाला उपरणं लावलं होतं, आठवा.

मास्तर तोंडात बोट घालून म्हणाला, "आजी, तुम्ही बरोबरच वाचलं होतं तर." मी म्हणलं, "मी वाचायला शिकले ते बरोबर वाचायलाच."

तुम्ही एवढंच म्हणायचं होतं, की बाई, तेव्हा मला कळलं होतं. दार तेव्हाच उघडलं असतं. मी वाट बघितली. तुम्ही तो शब्द काढला न्हाई, म्हणून तुमच्या मागं उघडलं. मुद्दाम. तुम्हाला उपाशी जाताना बघायचं होतं मला, आणि बघितलं.

दोनशे चार माणसं जेवली. तुमचा गाडीवान दोनदा बसला. भिंतीशी, पहिल्या पाटावर तुमची पत्रावळ मांडली होती, तूप वाढून, उदबत्ती लावून. मोकळी जागा ठेवायची रीत मला आता येते, पण ती येणारासाठी. तुम्ही येणार न्हाई हे ठरल्यावर मी कचरूला हाक मारली आणि त्या पाटावर बसवलं. तो बसेना. द्वारकाबाई स्वतः वाढायला आल्या आणि म्हणाल्या, "बसा कचरूभाऊ, आमच्या घरचं देणं आहे ते." तुमच्या भावकीच्या समोर बसून तो जेवला. सावकाश जेवला.

पान कमी पडलं न्हाई. उषा इथं आहे.

गोजरबाई

हसनाबाद
आश्विन वद्य ३, सन १९५८

रामराव व्याही,

उषा मोकळी झाली. मुलगी आहे. रंग तुमच्याकडचा, आवाज माझा. दोघी बऱ्या आहेत.

तुमचा निरोप मिळाला, की झालं गेलं विसरू, सव्वा महिन्यानं सून आणि नात राजूरला पोचवा. तुम्ही विसरा, तुमच्या सोयीचं आहे. आमच्याकडं दुसरं ठरलं आहे.

बद्रीनाथ त्या दिवशी शेवटच्या पंगतीला बसला होता. हात धुताना माझ्याजवळ आला. म्हणाला, "आजी, तेव्हाबी मला माहीत होतं. मी बोललो न्हाई." मला वाटलं रडेल, म्हणून मी जरा दूर सरकले. म्हणलं, "त्याचं मी काय करू? लोणचं घालू? आता काय करतो ते सांग." तो तसाच हात पुसत निघून गेला. मी त्याच्यावर पाणी सोडलं होतं. परवा आला तो जालन्याहून आला. कापसाच्या जिनात तोलाईचं काम धरलं आहे, स्टेशनाकडं एक खोली घेतली आहे, चुलीला जागा आहे म्हणतो. उषाला विचारलं, कुठं जाशील? ती म्हणाली, जालन्याला. लगेच म्हणाली, मी विचारायची वाट बघत असल्यासारखी.

तुमच्या घरी आता तुम्ही आणि द्वारकाबाई. एवढ्या मोठ्या घराला दोन माणसं. हे मी केलं असं तुम्ही म्हणाल तर मी न्हाई म्हणणार न्हाई. ऐकायला चांगलं वाटतं.

पण उषाला रात्रंदिवस एक घोर आहे, की सासूबाई तिथं एकट्या पडतील. तुमचा घोर तिला न्हाई, विचारून बघितलं. तर बारशाला द्वारकाबाईंना पाठवा. पाळण्याची दोरी त्यांनीच ओढायची आणि नावही त्यांनीच कानात सांगायचं. सव्वा महिना राहिल्या तरी चालेल, पुढं जालन्याला गेल्या तरी चालेल. खोली लहान आहे, पण त्यांना विचारून तर बघा कुठं राहायचं आहे. आजवर कधी विचारलं न्हाई असं त्या म्हणाल्या.

तुम्हीही या. आमच्या दारातून कुणाला परत पाठवायची रीत न्हाई. ओसरीवर बसा, चहा मिळेल. नात बाहेर आणून दाखवतील. उषा मात्र तुमच्या पाया पडायला येणार न्हाई. चारचौघांत विचारलं तर मी म्हणेन, ओली बाळंतीण आहे, वारं लागेल. तुम्हीही मान हलवा. खरं काय ते तुम्हाला बराबर कळेल.

गोजरबाई